आखाड्याकडून अभ्यासक्रमाकडे : श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या विस्ताराची चिकित्सा

प्रस्तावना

महाराष्ट्रातील व्यायामसंस्थांविषयी जे लेखन उपलब्ध आहे ते प्रामुख्याने गौरवपर आहे. सुवर्णमहोत्सव, अमृतमहोत्सव, शताब्दी अशा निमित्तांनी निघणाऱ्या स्मरणिका, संस्थापकांची चरित्रे आणि वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतील लेख यांतून संस्थेचा प्रवास एका ठरावीक चढणीने मांडला जातो. प्रारंभी लहानशी जागा आणि मूठभर तरुण, पुढे थोरामोठ्यांच्या भेटी, परदेश दौरा, इमारती आणि अखेरीस शासकीय सन्मान. या मांडणीत खोटे काही असते असे नाही. मात्र संस्था नेमकी कशामुळे वाढली आणि वाढताना तिने काय मागे टाकले, हे दोन प्रश्न त्यात सहसा विचारले जात नाहीत. प्रस्तुत लेखात अमरावती येथील श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या विस्ताराकडे या दोन प्रश्नांच्या अनुषंगाने पाहिले आहे.

अंबादासपंत वैद्य आणि अनंत वैद्य या बंधूंनी १९१४ साली या संस्थेची स्थापना केली. नफा हा हेतू नसलेली, समूहाने व्यायाम करणारी आणि व्यायामाचा प्रसार हेच आपले कार्य मानणारी ही संस्था शतकाहून अधिक काळ टिकून आहे. तिच्या नावातील सर्वांत महत्त्वाचा शब्द ‘हनुमान’ नसून ‘प्रसारक’ हा आहे, असे म्हणता येईल. हनुमानाच्या नावाने चालणाऱ्या तालमी महाराष्ट्रात गावोगाव होत्या; मारुतीचे देऊळ आणि त्याला लागून तांबड्या मातीचा हौद ही गावाची ओळखच होती. परंतु अशी तालीम गावापुरती असे. आपण जे करतो ते दुसऱ्या गावी जाऊन शिकवले पाहिजे, ही कल्पना तालमीच्या परंपरेत नव्हती. मंडळाच्या वाढीचे मूळ या कल्पनेत आहे, आणि तिच्या मर्यादाही तेथूनच सुरू होतात.

वऱ्हाड आणि हिंगोली : एका तहाची दोन टोके

अमरावतीतील संस्थेचा विचार हिंगोली जिल्ह्यातून, शिरड शहापूरसारख्या गावातून, करताना एक ऐतिहासिक योगायोग दृष्टीआड करता येत नाही. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाडचा प्रदेश इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. हा प्रदेश ज्या फौजेच्या खर्चापोटी तोडून दिला गेला, ती हैदराबाद कंटिंजंट ही फौज. आणि तिच्या छावण्यांपैकी एक छावणी हिंगोलीस होती. म्हणजे वऱ्हाडच्या शेतसाऱ्यावर हिंगोलीच्या मैदानावरची कवायत चालत असे. १९०२ च्या करारानंतर वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे राहिला, १९०३ मध्ये कंटिंजंट इंग्रजांच्या हिंदी सैन्यात विलीन झाली आणि हिंगोलीच्या छावणीचे दिवस संपले. समूहाने, एका तालात, एका आज्ञेवर शरीर हलवण्याचा प्रकार हिंगोलीकरांनी अशा रीतीने पन्नास वर्षे डोळ्यांनी पाहिला. पण तो परक्यांच्या आज्ञेवरचा, पगारी शिपायांचा प्रकार होता. गावाच्या तालमीत त्यातले काही आले असेल असे दिसत नाही.

यानंतरच्या काळात दोन्ही प्रदेशांच्या वाटा स्पष्टपणे वेगळ्या झाल्या. वऱ्हाडात इंग्रजी कारभार होता. तेथे राजद्रोहाच्या कलमांची भीती असली तरी संस्था काढणे, वर्गणी जमवणे, जाहीर प्रात्यक्षिके करणे शक्य होते. शिवराम हरी राजगुरू यांनी अमरावतीस याच मंडळात व्यायामाचे शिक्षण घेतले, ही गोष्ट तेथील वातावरणाची साक्ष देते. मराठवाड्यात मात्र निजामी राजवटीत सभा-संमेलनांवर गश्ती निशाण ५३ सारख्या फर्मानांचे बंधन होते आणि खाजगी शाळा व आखाडे यांच्याकडेही संशयानेच पाहिले जाई. १९३८-३९ च्या आर्य समाजाच्या सत्याग्रहातील मागण्यांत आखाड्यांच्या मोकळिकीचाही प्रश्न होता. कागदोपत्री अमरावतीही निजामाच्याच सार्वभौमत्वाखाली होती, हा या कथेतील उपरोध. तेव्हा व्यायामसंस्थेची वाढ केवळ संस्थापकांच्या त्यागावर अवलंबून असते, ही स्मरणिकांची धारणा तपासून घ्यावी लागते. वैद्य बंधूंइतकी जिद्द असलेली माणसे औंढ्यात किंवा वसमतेत नव्हती असे मानण्यास आधार नाही. त्यांना संस्था उभी करण्यापुरती मोकळी जागा मिळाली नाही, एवढेच.

उस्ताद आणि रांग

पारंपरिक तालमीतील शिक्षण हे एकास एक असे होते. उस्ताद, पठ्ठा आणि जोडीदार या त्रयीत विद्या फिरत असे. उस्ताद पठ्ठ्याचे अंग पाहून जोर-बैठका ठरवी, खुराक ठरवी, डाव राखून ठेवी किंवा देई. ही पद्धत सखोल होती, परंतु तिचा विस्तार होणे कठीण होते. एका उस्तादाच्या हाताखाली किती पठ्ठे तयार होणार याला मर्यादा होती. विसाव्या शतकाच्या प्रारंभी ही मर्यादा ओलांडण्याचे जे प्रयत्न झाले त्यांत बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाम मंदिराचे राजरत्न प्रो. माणिकराव, म्हणजे गजानन यशवंत तांबे, यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. त्यांनी देशी व्यायामप्रकार सांघिक स्वरूपात बसवले आणि कवायतीच्या इंग्रजी आज्ञांच्या जागी देशी भाषेतील आज्ञा आणल्या. वरवर पाहता हा भाषांतराचा प्रश्न वाटतो. वस्तुतः तो अधिकाराचा प्रश्न होता. आज्ञा देणारा गोरा साहेब किंवा त्याचा हवालदार नसून आपल्यातलाच एक तरुण असू शकतो, ही जाणीव त्या शब्दांबरोबर रांगेत उतरली.

माणिकरावांचे शिष्य असलेल्या स्वामी कुवलयानंदांनी हीच पद्धत योगाला लावली. लोणावळ्यास १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन करणाऱ्या या अभ्यासकाने ‘यौगिक संघ व्यायाम’ या पुस्तकात आसनांची मांडणी आज्ञांनुसार, समूहासाठी केली. एकांतात, गुरुमुखातून घ्यावयाची विद्या शाळेच्या पटांगणावर आली. त्याच सुमारास औंध संस्थानचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांचा प्रसार शाळांमधून करीत होते. (हे औंध सातारा भागातले. हिंगोली जिल्ह्यात ‘औंढा’ म्हटले की नागनाथ आठवतो आणि विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत ही दोन गावे हमखास एक होतात.) पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी १९२४ मध्ये महाराष्ट्रीय मंडळ काढले, मुंबईत दादरला १९२५ मध्ये समर्थ व्यायाम मंदिर उभे राहिले. बडोद्याहून दत्तात्रेय चिंतामण करंदीकर मुजुमदार यांनी १९३६ पासून ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे दहा खंड सिद्ध केले. उस्तादाने राखून ठेवलेला डाव छापून विकत मिळू लागला, असे या घटनेचे वर्णन करता येईल.

अमरावतीच्या मंडळाचे कार्य या पार्श्वभूमीवर ठेवले म्हणजे त्याचे वेगळेपण दिसते. बडोद्याने आज्ञा दिली, लोणावळ्याने प्रयोगशाळा दिली, ज्ञानकोशाने शब्द दिले. अमरावतीने शिक्षक दिला. मंडळाने उन्हाळी प्रशिक्षण वर्गांद्वारे बाहेरगावच्या तरुणांना बोलावले, त्यांना लाठी, लेझीम, मल्लखांब, देशी खेळ आणि सांघिक कवायत शिकवली आणि शिकवण्याचे काम घेऊन परत पाठवले. आलेला तरुण पहिलवान होऊन जात नसे. थोड्या अवधीत पहिलवान होताही येत नाही. तो शिकवता येण्याइतका तयार होऊन जात असे. हा फरक सूक्ष्म असला तरी निर्णायक आहे. तालमीची प्रतिष्ठा तिच्या सर्वांत बलवान मल्लावर ठरे, तर मंडळाची प्रतिष्ठा त्याच्या सर्वांत सामान्य शिक्षकावर ठरू लागली. मंडळाचा खरा शोध कोणताही व्यायामप्रकार नसून व्यायामशिक्षक ही व्यक्तिरेखा होय, हे येथे ठामपणे नोंदवावेसे वाटते.

लेझीम हे याचे उत्तम उदाहरण आहे. धनुष्याला लोखंडी साखळी लावून केला जाणारा हा मूळचा दमाचा, खांदे-दंड कमावण्याचा व्यायाम. शाळेच्या मैदानावर आलेली लेझीम हलकी, लाकडी दांड्याची आणि झांजांची आहे. तिच्यात ताकदीचा भाग कमी झाला आणि तालाचा भाग वाढला. शुद्धतावाद्यांना हा ऱ्हास वाटेल. परंतु दहा वर्षांचे मूल साखळीची लेझीम उचलू शकत नाही आणि शंभर मुले ती एकदम फिरवू शकत नाहीत, हेही तितकेच खरे आहे. प्रसाराची किंमत व्यायामप्रकाराने स्वतःच्या अंगावर सोसली.

बर्लिन, स्टॉकहोम आणि प्रात्यक्षिकाचा मोह

१९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तेथे कबड्डीसह भारतीय खेळ व व्यायामप्रकारांचे प्रात्यक्षिक सादर केले. मंडळाच्या इतिहासात या घटनेला सर्वोच्च स्थान दिले जाते आणि ते समजण्यासारखे आहे. मात्र तिचे मूल्यमापन करताना दोन गोष्टी लक्षात घेतल्या पाहिजेत.

ज्या शहरात हे प्रात्यक्षिक झाले त्याच शहरात १८११ मध्ये फ्रीडरिष लुडविग यान याने हाझेनहाइडे येथे खुले व्यायाममैदान सुरू केले होते. नेपोलियनच्या वर्चस्वाखाली दबलेल्या जर्मन तरुणांना समूहव्यायामातून राष्ट्रभावना द्यावी, हा त्यामागील हेतू. प्रागमधील सोकोल ही १८६२ ची चळवळ त्याच धर्तीची. पारतंत्र्यातील समाज व्यायामसंघ काढतात, हा केवळ भारतीय अनुभव नव्हे. परंतु यानच्या मैदानापासून सव्वाशे वर्षांनी त्याच बर्लिनमध्ये समूहकवायत ही एका हुकूमशाहीची शोभा झाली होती. एका आज्ञेवर हलणारे शेकडो देह हे स्वातंत्र्याचेही चित्र असू शकते आणि दास्याचेही. रांगेकडे पाहून त्यांतील भेद सांगता येत नाही, तो आज्ञा कोण देतो आणि ती नाकारता येते काय यावरून ठरतो. अमरावतीचे तरुण तेथे परतंत्र देशाचे प्रतिनिधी म्हणून उभे होते, याचे भान मंडळाविषयीच्या गौरवलेखनात क्वचितच आढळते.

दुसरी गोष्ट स्मृतीची. त्याच ऑलिंपिकमध्ये १५ ऑगस्ट १९३६ रोजी ध्यानचंद यांच्या नेतृत्वाखालील हॉकी संघाने जर्मनीचा ८-१ असा पराभव करून सुवर्णपदक मिळवले. ते देशाच्या स्मरणात राहिले. प्रात्यक्षिकात जय-पराजय नसतो, म्हणून त्याची नोंद पदकतालिकेत होत नाही. पुढे १९४९ मध्ये स्टॉकहोमच्या दुसऱ्या लिंगियाडमध्येही मंडळ सहभागी झाले. स्वीडिश जिम्नॅस्टिक्सचा प्रणेता पेर हेन्रिक लिंग याच्या स्मरणार्थ भरणारा हा महोत्सव स्पर्धेचा नव्हता, तर समूहव्यायामाचाच होता. मंडळाच्या प्रकृतीला ऑलिंपिकपेक्षा तो अधिक जवळचा म्हटला पाहिजे. असे असूनही मंडळाच्या गाथेत लिंगियाड मागे आणि ऑलिंपिक पुढे, असा क्रम लागतो. पाहुणे, परदेश आणि प्रेक्षक यांच्यासाठी केलेले प्रात्यक्षिक हळूहळू रोजच्या व्यायामाहून मोठे ठरते. शाळांमध्ये २६ जानेवारीच्या आधी पंधरा दिवस लेझीम बाहेर येते आणि २७ जानेवारीला कपाटात जाते. या प्रथेचे मूळ बर्लिनला नाही, पण मनोवृत्ती तीच आहे.

पदवीचा मार्ग

स्वातंत्र्यानंतर मंडळाने जो मार्ग निवडला तो बहुतेक शिक्षणसंस्थांचा मार्ग होता. १९६७ मध्ये शारीरिक शिक्षणाचे पदवी महाविद्यालय सुरू झाले. उन्हाळी वर्गातील तरुणाला मिळणाऱ्या प्रमाणपत्राची जागा विद्यापीठाच्या पदवीने घेतली. आज मंडळाच्या छत्राखाली अभियांत्रिकी महाविद्यालयही आहे. मंडळाची धुरा दीर्घकाळ वाहणारे प्रभाकरराव वैद्य यांना २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली. विदर्भ, मराठवाडा, खानदेशातील शेकडो शाळांतून जे शारीरिक शिक्षक उभे राहिले त्यांत अमरावतीहून शिकून आलेल्यांचे प्रमाण लक्षणीय आहे, हे कोणत्याही क्रीडास्पर्धेच्या मैदानावर पंचांशी बोलले तरी कळते. ही कामगिरी कमी लेखण्याचे कारण नाही. व्यायाम शिकवणे हा सन्मानाचा, वेतनाचा व्यवसाय होऊ शकतो, हे मंडळाने सिद्ध केले.

परंतु येथेच एक पेच निर्माण झाला. प्रमाणपत्र घेऊन गावी परतणारा तरुण गावासाठी शिकवी. पदवी घेऊन बाहेर पडणारा तरुण जागा निघण्याची वाट पाहू लागला. जागा निघाली तर तो शाळेचा झाला, गावाचा राहिला नाही. जागा निघाली नाही तर त्याची विद्या वापराविना राहिली. शिक्षक भरती जसजशी आटत गेली तसतशी ही दुसरी शक्यता वाढली. ज्या शाळांत शिक्षक आहे तेथेही शारीरिक शिक्षणाचा तास वेळापत्रकात असतो आणि दहावीच्या वर्गात तो गणिताला दिला जातो. म्हणजे प्रसाराचे जे साधन मंडळाने घडवले, त्याची किल्ली शासनाच्या पदभरतीकडे गेली. नफा न कमावणारी संस्था बाजारापासून मुक्त असते, पण म्हणून ती परावलंबी नसते असे नाही.

या संदर्भात अलीकडच्या काही परदेशी समूहांशी तुलना उद्बोधक ठरते. लंडनच्या बुशी पार्कमध्ये २००४ साली तेरा धावपटूंनिशी सुरू झालेला पार्करन हा उपक्रम दर शनिवारी पाच किलोमीटर धावण्याचा. शुल्क नाही, आयोजन स्वयंसेवकांचे. अमेरिकेतील शार्लट शहरात २०११ मध्ये सुरू झालेला एफ-थ्री हा पुरुषांचा समूहही निःशुल्क आहे. व्यायाम उघड्यावर, नेतृत्व पाळीपाळीने सदस्यांकडेच आणि शेवटी सर्वांनी गोल करून उभे राहणे. या समूहांना इमारत नाही, पदवी नाही. आज व्यायाम करणारा उद्या व्यायाम घेणारा होतो, हेच त्यांच्या वाढीचे गमक. मंडळाच्या उन्हाळी वर्गांचे तत्त्व याहून फारसे वेगळे नव्हते. अर्थात तुलना ताणून चालणार नाही. सुस्थितीतील शहरी माणसाला फावल्या वेळचा स्वयंसेवक होणे परवडते. वऱ्हाड-मराठवाड्यातील शेतकऱ्याच्या मुलाला शिकवण्यातून पोटही भरायचे होते. पदवीची ओढ ही मंडळाची चूक म्हणण्यापेक्षा त्याच्या विद्यार्थ्यांची गरज म्हणणे न्याय्य ठरेल.

रांगेबाहेरचे

समूहव्यायामाच्या इतिहासात समूह कोणाचा हा प्रश्न टाळता येत नाही. व्यायामसंस्थांच्या प्रतीकांवरून हा इतिहास एकाच धर्माचा वाटतो. प्रत्यक्षात माणिकरावांच्या संस्थेला ज्यांचे नाव आहे ते जुम्मादादा मुसलमान उस्ताद होते. मल्लखांबाच्या उगमाची परंपरागत कथा तर निजामाच्या मुलखातून पुण्यास आलेल्या अली आणि गुलाब या मल्लांच्या आव्हानापासून सुरू होते; बाळंभट्टदादा देवधरांनी ते आव्हान स्वीकारले म्हणून मल्लखांब घडला. मराठवाड्यात जत्रेच्या आणि उरुसाच्या फडात एकच मल्ल उतरत आला आहे. मातीने जे सहज मानले होते ते रांगेने नेहमीच मानले असे नाही. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकात समूहकवायत ही महाराष्ट्रात निरनिराळ्या, परस्परविरोधी संघटनांचे साधन झाली : राष्ट्रीय स्वयंसेवक संघ, महाडच्या सत्याग्रहाच्या काळातील समता सैनिक दल, १९४१ नंतरचे राष्ट्र सेवा दल. ज्यांना आखाड्यात प्रवेश नव्हता त्यांना स्वतःचे दल उभारावे लागले, एवढी एक गोष्ट गौरवलेखनाला पुरेशी अस्वस्थ करणारी आहे.

स्त्रियांच्या बाबतीत लंगोट आणि ब्रह्मचर्य यांभोवती उभी असलेली तालमीची सारी परिभाषाच अडसर होती. रांगेने हा अडसर काही अंशी दूर केला. कवायतीला अंगाला अंग भिडत नाही. वर्ध्यास १९३६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्र सेविका समिती आणि मुला-मुलींच्या एकत्र शाखा चालवणारे सेवा दल या दोन टोकांनी तो मार्ग वापरला. शारीरिक शिक्षणाच्या पदवीने मुलींसाठी तो अधिक रुंद केला, ही पदवीच्या बाजूने नोंदवण्याची गोष्ट आहे. खेड्यातील मुलीला ‘व्यायाम करायला जाते’ असे घरी सांगता येत नसे. ‘कॉलेजला जाते’ असे सांगता येई.

पहाटेचा रस्ता

शिरड शहापूर हे औंढा नागनाथ आणि वसमत यांच्या दरम्यानचे, मल्लिनाथ दिगंबर जैन क्षेत्रामुळे परिचित असलेले गाव. अशा गावांच्या बाहेरच्या रस्त्यावर आज पहाटे जे दिसते तो समूहव्यायामाचाच एक प्रकार आहे. पोलीस भरतीची तयारी करणारी मुले आणि आता मुलीही अंधारात धावत असतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक. मैदानी चाचणीचे एकूण गुण ५०. शुल्क नाही, संस्था नाही, गणवेश नाही. गेल्या वर्षी दोन-चार गुणांनी राहिलेला एखादा मोठा मुलगा घड्याळ धरतो आणि इतरांकडून सराव करून घेतो. वैद्य बंधूंच्या उन्हाळी वर्गाशी याचे नाते पदवी महाविद्यालयापेक्षा जवळचे आहे, असे म्हटले तर ते अतिशयोक्त वाटू नये. फरक एवढाच की येथे कोणी शिकवण्यास शिकलेले नसते. डांबरी रस्त्यावर धावून नडग्या दुखतात, गोळा खांद्याऐवजी कोपराने फेकला जातो. आणि वयोमर्यादा उलटली की धावणेही थांबते.

शासनाच्या क्रीडा विभागाकडून व्यायामशाळा विकासासाठी अनुदान मिळते. त्याचा भर बांधकाम आणि साहित्य यांवर असतो. ग्रामपंचायतींच्या आवारात खुल्या व्यायामाची लोखंडी साधने बसली आहेत. २०१५ पासून २१ जूनला शाळा-महाविद्यालयांच्या पटांगणात योगाची रांग लागते. साहित्य आहे, दिवसही ठरलेला आहे. अमरावतीने १९१४ नंतर जी गोष्ट घडवली होती तिच्यासाठी मात्र या योजनांत वेगळा रकाना दिसत नाही. महाविद्यालयांची मैदाने संध्याकाळी पाचनंतर कुलूपबंद असतात. मैदान आणि पहाटे धावणारी ही मुले यांच्यात अंतर असते ते एका फाटकाचे. महाविद्यालयाच्या शारीरिक शिक्षण संचालकाने आठवड्यातून दोन पहाटे ते उघडले आणि घड्याळ धरणाऱ्या त्या मोठ्या मुलाला आधी शिकवले, तर त्यासाठी विद्यापीठाची परवानगी लागत नाही.